यूएससी की एनवाययू? मनोरंजन-व्यवसाय शिकायला अमेरिकेत जाताना

बारावीनंतर ‘फिल्मचा बिझनेस’ शिकायला अमेरिकेत जायचं ठरलं की चाळण लावून लावून यादीत बऱ्याचदा दोन नावं उरतात. एक लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया, म्हणजे यूएससी. दुसरी न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, म्हणजे एनवाययू. दोन्ही खासगी, दोन्ही जुन्या (१८८० आणि १८३१), दोन्ही महाग. मग घरात रँकिंगचे तक्ते उघडतात, चर्चा होते, आणि शेवटी ‘न्यू जर्सीत एडिसनला मावशी आहे’ हा मुद्दा सगळ्यांत जड ठरतो.

हा लेख या टप्प्यावरच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. दिग्दर्शन किंवा कॅमेरा शिकायचा असेल त्यांनी वेगळा विचार करावा. इथे आपण बोलतोय ते सिनेमा, मालिका, संगीत, नाटक यांत पैसा कुठून येतो, हक्क कोण घेतो, करार कसे होतात, हे शिकून त्यातच नोकरी करू पाहणाऱ्यांबद्दल.

माझं मत आधीच सांगतो. या धंद्यात शिकत असताना केलेलं काम पुढची नोकरी मिळवून देतं. गुणपत्रिका फारसं कोणी मागत नाही. म्हणून दोन विद्यापीठांत निवडताना पहिला प्रश्न हा: परदेशी विद्यार्थी म्हणून मला कुठे, कधी आणि कायद्यात बसून किती काम करता येईल?

पायरी १ : ‘एंटरटेनमेंट’ म्हणजे तुमच्यासाठी काय, ते ठरवा

स्टुडिओत सिनेमाचं बजेट सांभाळणारा, एजन्सीत लेखकांचे करार जमवणारा, म्युझिक लेबलमध्ये नवे गायक हेरणारा, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या नाटकाला गुंतवणूकदार शोधणारा आणि बँकेत बसून मीडिया कंपन्यांच्या शेअरचा अभ्यास करणारा, हे सगळे ‘एंटरटेनमेंट बिझनेस’मध्येच मोडतात. पण त्यांची शहरं वेगळी, पगार वेगळे आणि आत शिरायची दारंही वेगळी.

एक संध्याकाळ काढा. लिंक्डइनवर ‘डेव्हलपमेंट असिस्टंट’, ‘लायसन्सिंग’, ‘ए अँड आर’ (नवे गायक हेरण्याचं काम), ‘मीडिया फायनान्स’ असे शब्द टाकून अमेरिकेतल्या नवशिक्यांच्या जागांच्या वीसेक जाहिराती वाचा. नोकरी कोणत्या शहरात आहे, कोणती पदवी मागितली आहे आणि आधीचा कोणता अनुभव हवा आहे, एवढंच वहीत लिहा. डेव्हलपमेंटच्या, म्हणजे पटकथा निवडून घडवण्याच्या कामाच्या, जाहिरातींत ‘कव्हरेज’ हा शब्द वारंवार दिसेल. पटकथा वाचून तिचा सारांश आणि आपलं मत दोन-तीन पानांत लिहून देणं, याला तिथे कव्हरेज म्हणतात. ते वाचून कंटाळा येणार असेल तर हॉलीवूडचं निम्मं आकर्षण इथेच गळून पडेल, आणि ते आत्ताच गळलेलं बरं.

पायरी २ : ॲडमिट नेमकी कशाची आली आहे, ते वाचा

‘यूएससीला लागला’ याला फारसा अर्थ नाही. कुठल्या स्कूलला आणि कुठल्या प्रोग्रॅमला, ते महत्त्वाचं.

यूएससीत आपल्या कामाचा मुख्य अभ्यासक्रम म्हणजे बिझनेस ऑफ सिनेमॅटिक आर्ट्स. मार्शल स्कूल ऑफ बिझनेस आणि स्कूल ऑफ सिनेमॅटिक आर्ट्स तो मिळून चालवतात. यातलं सिनेमाचं स्कूल १९२९ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या सहकार्याने सुरू झालं. ‘स्टार वॉर्स’चे दिग्दर्शक जॉर्ज ल्युकस इथलेच विद्यार्थी. २००६ मध्ये त्यांच्या फाउंडेशनने या स्कूलला १७.५ कोटी डॉलर दिले. पदवी मिळते ती बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनची, आणि सोबत सिनेमा विभागातले विषय घेता येतात. वर्ग छोटा असतो आणि निवड वेगळी होते. त्यामुळे ॲडमिट साध्या मार्शलची असेल तर ‘आत गेल्यावर बदलून घेऊ’ या भरवशावर पैसे भरू नका. संगीताच्या बाजूला कल असेल तर यूएससीच्याच थॉर्नटन स्कूलमधला म्युझिक इंडस्ट्रीचा अभ्यासक्रमही पाहा.

एनवाययूची रचना जास्त मोकळी आहे. स्टर्न स्कूल ऑफ बिझनेसमध्ये पदवी घेताना एंटरटेनमेंट, मीडिया आणि टेक्नॉलॉजी या शाखेचे विषय निवडता येतात. याच विषयांचा एक मायनरही (मुख्य विषयासोबतचा जोडविषय) आहे, आणि त्यात स्टर्नबरोबर टिश आणि स्टाइनहार्ट या स्कूलचेही विषय येतात. टिश म्हणजे १९६५ पासूनचं कलांचं स्कूल, आणि स्टाइनहार्टमध्ये म्युझिक बिझनेसची वेगळी पदवी आहे. बिझनेस आणि फिल्म अशी स्टर्न-टिशची जोडपदवीही मिळते. तिला चार वर्षांपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, हे लक्षात ठेवा. म्हणजे अजून मन पक्कं झालेलं नसेल तर एनवाययूत वळायला जागा आहे. पण एक सापळा आहे. टिशमध्ये फिल्मला प्रवेश घेऊन मागच्या दाराने स्टर्नमध्ये जाऊ, असं अनेकांना वाटतं. स्टर्नमधल्या अंतर्गत बदलीच्या जागांसाठी मोठी चुरस असते. बिझनेस हवं असेल तर अर्जच स्टर्नला करा.

दोन्ही अभ्यासक्रमांचे चार वर्षांचे आराखडे शेजारी ठेवा आणि मनोरंजनाशी थेट संबंध असलेले विषय मोजा. आकडा अपेक्षेपेक्षा कमी निघतो. पहिली दोन वर्षं दोन्हीकडे अकाउंटिंग, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि लेखन यांतच जातात.

पायरी ३ : शहर पाहा, पण पर्यटकासारखं नको

अमेरिकेच्या सिनेमा-टीव्हीचा कणा लॉस एंजेलिसमध्ये आहे. डिस्ने आणि वॉर्नर ब्रदर्स बरबँकला, युनिव्हर्सल शेजारच्या युनिव्हर्सल सिटीत, पॅरामाउंटचा जुना स्टुडिओ हॉलीवूडमध्ये, सोनी कल्व्हर सिटीला. सीएए, डब्ल्यूएमई आणि यूटीए या कलाकार-लेखकांना कामं मिळवून देणाऱ्या मोठ्या एजन्सीही याच भागात आहेत. तिथे पदवीधर मुलंसुद्धा ‘मेलरूम’पासून, म्हणजे टपाल वाटण्यापासून, सुरुवात करतात, मग एखाद्या एजंटच्या डेस्कवर असिस्टंट म्हणून बसतात आणि फोन जोडून देता देता धंदा शिकतात. पुढे हेच असिस्टंट स्टुडिओंत मोठ्या जागांवर जातात. यूएससीच्या माजी विद्यार्थ्यांचं जाळं या साखळीत दाट विणलेलं आहे आणि त्याचा खरोखर उपयोग होतो.

अडचण अंतरांची. यूएससी डाउनटाउनच्या दक्षिणेला, एक्सपोझिशन पार्कला लागून आहे. दारातून मेट्रोची ई लाइन जाते. तिने कल्व्हर सिटी आणि सांता मोनिका गाडीशिवाय गाठता येतात. बरबँकला मात्र गाडी नसेल तर बदल्या घेत जावं लागतं, आणि सत्र चालू असताना आठवड्यातून दोन-तीन दिवस ते करणं सोपं नाही. गाडी, तिचा विमा आणि पार्किंग हा सगळा खर्च विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात धरलेला असेलच असं नाही.

न्यूयॉर्कचं गणित वेगळं. एनवाययूला भिंतीआडचा कॅम्पस नाही. वॉशिंग्टन स्क्वेअरच्या आजूबाजूला इमारती विखुरल्या आहेत आणि सबवे चोवीस तास चालते. सकाळचं लेक्चर करून दुपारी मिडटाउनमधल्या ऑफिसात हजर होता येतं. या शहराचा जोर आहे तो संगीत, नाटक, जाहिरात, प्रकाशन, टीव्ही बातम्या आणि पैसा उभा करणाऱ्या बँका यांवर. ब्रॉडवेची ४१ नाट्यगृहं इथे आहेत, रॉकफेलर सेंटरमध्ये एनबीसी आहे, सोनी म्युझिक आणि वॉर्नर म्युझिकची मुख्य कार्यालयंही इथेच. चित्रीकरणही होतं: क्वीन्समध्ये सिल्व्हरकप आणि कॉफमन ॲस्टोरिया, ब्रुकलिनमध्ये स्टायनर स्टुडिओ. पण कोणता सिनेमा करायचा हा निर्णय बहुधा लॉस एंजेलिसमध्येच होतो. एनवाययूला हे ठाऊक आहे, म्हणूनच त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचं केंद्र काढलं आहे; तिथे एक सत्र शिकत इंटर्नशिप करता येते. यूएससीच्या बाजूचा एक मुद्दा त्यामुळे थोडा हलका होतो.

हॉलीवूडची तब्येतही पाहून घ्या. २०२३ मध्ये लेखकांचा संप १४८ दिवस चालला आणि कलाकारांचा ११८ दिवस. त्यानंतर लॉस एंजेलिसमधलं चित्रीकरण पूर्वीच्या पातळीवर आलेलं नाही. कामं जॉर्जिया, कॅनडा, ब्रिटनकडे जात राहिली. ती परत आणण्यासाठी कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये करसवलतीची वार्षिक रक्कम ३३ कोटींवरून ७५ कोटी डॉलर केली. सेटवरच्या कामापेक्षा करार, हक्क आणि वितरण यांच्या नोकऱ्या शहराला जास्त चिकटून असतात, हा व्यवसाय शिकणाऱ्यांसाठी थोडा दिलासा.

पायरी ४ : कामाची परवानगी समजून घ्या

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि माहितीपत्रकात तिच्याबद्दल जेमतेम दोन ओळी असतात.

तुम्ही एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाणार. पहिलं पूर्ण शैक्षणिक वर्ष कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. पहिल्या वर्षानंतर सीपीटी मिळू शकते: अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून करायची इंटर्नशिप. ती विद्यापीठातला डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणारा अधिकारी, तुमच्या आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या प्रवेशाच्या कागदावर, नोंदवतो. नोंद होण्याआधी कामाला एक दिवसही सुरुवात करायची नाही. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने किंवा जास्त झाली तर त्या पदवीची ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करायची परवानगी, हातची जाते.

आता हे दोन शहरांना लावून पाहा. चार वर्षांत तुमच्या हाती तीन उन्हाळे आणि दुसऱ्या वर्षापासूनची सत्रं. उन्हाळ्यात दोन्हीकडे सारखंच. फरक पडतो तो सत्र चालू असतानाच्या अर्धवेळ इंटर्नशिपमध्ये, आणि तिथे न्यूयॉर्कची सबवे खरंच उपयोगी पडते. यूएससीत हेच साधायचं तर कल्व्हर सिटीच्या बाजूची कंपनी शोधा किंवा आठवड्यातले दोन दिवस लेक्चर नसतील असं वेळापत्रक बांधा. सीपीटीसाठी क्रेडिट नोंदवावं लागत असेल तर उन्हाळ्यात त्या क्रेडिटची वेगळी फी पडते. ती किती, हे आधी विचारा.

काही गैरसमज इथेच काढून टाकू. ‘इंटर्नशिप बिनपगारी आहे, मग परवानगी कशाला?’ नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत फुकट राबणंही विनापरवाना काम ठरू शकतं. न्यू जर्सीच्या गणेशोत्सवात निवेदन करून मानधन घेणं, लग्नात डीजे लावणं, अमेरिकेत बसून यूट्यूब चॅनलमधून कमाई करणं, या प्रत्येक गोष्टीआधी डीएसओला ई-मेल करा आणि उत्तर जपून ठेवा. मनोरंजन शिकणाऱ्या मुलांचा पाय इथेच घसरतो, कारण त्यांचा छंद आणि धंदा एकच असतो.

पदवीनंतर ओपीटी: बारा महिने, कामाचा पदवीच्या विषयाशी संबंध हवा, आणि एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. पदवी ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत बसत असेल तर आणखी २४ महिने मिळतात; मात्र त्या काळात कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेली असावी लागते. पुढचा नोकरीचा व्हिसा, एच-१बी, सोडतीने मिळतो; त्याची मार्च महिन्यातली नोंदणी धरली तर बारा महिन्यांत सोडतीची साधारण एक संधी हाती येते, छत्तीस महिन्यांत तीन. फरक केवढा, ते पाहा.

म्हणून दोन्ही विद्यापीठांना हा प्रश्न लेखी विचारा: या प्रोग्रॅमचा सीआयपी कोड काय? अभ्यासक्रम कोणत्या विषयात मोडतो हे सांगणारा हा सहा आकडी कोड आय-२० वर छापलेला असतो. बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनचा नेहमीचा कोड ५२.०२०१, आणि तो स्टेम नाही. मॅनेजमेंट सायन्सचा ५२.१३०१ मात्र स्टेम यादीत आहे. सिनेमा निर्मितीचा ५०.०६०२ त्या यादीत नाही. एकाच स्कूलमधल्या दोन पदव्यांचे कोड वेगळे असू शकतात, म्हणून ‘अमुक युनिव्हर्सिटी स्टेम आहे’ असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

नियम हलत आहेत, हेही धरून चाला. ऑगस्ट २०२५ मध्ये एफ-१ च्या मुक्कामाला साधारण चार वर्षांची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आला; जोडपदवीचा विचार करणाऱ्यांनी त्याचं पुढे काय झालं ते डीएसओकडून समजून घ्यावं. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. ते कोणाला लागू आणि कोणाला नाही याचे तपशील आहेत, पण लहान प्रॉडक्शन कंपनी एवढ्या भानगडीत पडेल का, याचा विचार तुम्हीच करा.

पायरी ५ : पैशांचा हिशेब मुंबईच्या पगारावर मांडा

राहणं-खाणं धरून दोन्हीकडे वर्षाला ९०,००० डॉलरच्या पुढे जातं. चार वर्षांचे तीन कोटी रुपये ओलांडतात. शिष्यवृत्तीविना हे आकडे बहुतेक मराठी मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्याबाहेरचे आहेत, आणि तसं म्हणण्यात कमीपणा नाही.

यूएससीत परदेशी विद्यार्थ्यांना गरजेवर आधारित मदत मिळत नाही, पण गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्यांसाठी त्यांचा विचार होतो. त्यासाठी नोव्हेंबरच्या सुरुवातीची, लवकरच्या अर्जाची मुदत गाठावी लागते. एनवाययूत मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल (घरच्या उत्पन्न-मालमत्तेची माहिती देणारा ऑनलाइन अर्ज) भरावं लागतं, आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही ते भरता येतं. एनवाययूच्या ‘अर्ली डिसिजन’बाबत सावध राहा. तो अर्ज बांधून घेणारा असतो. प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घ्यायचे असतात. दोन ठिकाणच्या मदतीची तुलना करूनच ठरवायचं असेल तर हा मार्ग तुमचा नव्हे.

कर्ज काढणार असाल तर हप्ता मुंबईतल्या पहिल्या नोकरीच्या पगारातून भरता येईल का, हे पाहा. अमेरिकेतली नोकरी आणि व्हिसा हे दोन्ही तुमच्या हातात नाहीत, आणि एजन्सी-स्टुडिओतले सुरुवातीचे पगार तिथल्या मानानेही तुटपुंजे असतात. हिशेब बसत नसेल तर पदवी इथे करून मास्टर्सला जाण्याचा पर्याय चांगला आहे. यूएससीचा पीटर स्टार्क प्रोड्युसिंग प्रोग्रॅम दोन वर्षांचा आहे, एनवाययूत स्टर्न आणि टिश मिळून एमबीए आणि कलेतली एमएफए अशी जोडपदवी देतात. महाराष्ट्र सरकारची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठीच आहे, तिच्या अटींत विषय बसतो का, ते आधी तपासा.

पैसे पाठवताना: स्वतःच्या खात्यातून वर्षाला १० लाखांपुढे पाठवले की बँक टीसीएस (आगाऊ कर) कापते, रिटर्न भरताना तो करात वळता होतो. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर टीसीएस लागत नाही.

पायरी ६ : १ मेच्या आत चार ई-मेल

होकार कळवून डिपॉझिट भरायची मुदत सहसा १ मे असते. त्याआधी दोन्हीकडच्या करिअर ऑफिसला आणि परदेशी विद्यार्थी कार्यालयाला लिहा. प्रश्न मोघम नकोत. ‘या प्रोग्रॅममधल्या एफ-१ विद्यार्थ्यांना गेल्या वर्षी कोणत्या कंपन्यांत सीपीटी मिळाली?’, ‘सत्रात अर्धवेळ सीपीटी देता का, त्याला किती क्रेडिट लागतात?’, ‘पदवीनंतर ओपीटीवर गेलेले भारतीय विद्यार्थी आज कुठे आहेत?’ असे विचारा. उत्तर टाळलं तर तेही उत्तरच. मग लिंक्डइनवर त्या प्रोग्रॅमचे भारतीय माजी विद्यार्थी शोधून दोघा-तिघांना नम्रपणे निरोप टाका. यातले काही आज वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा अंधेरीत काम करताना सापडतील. परत आल्यावर या पदवीकडे मुंबईत कसं पाहतात, हे त्यांच्याइतकं नीट कोणी सांगणार नाही.

एवढं करूनही काटा मध्येच अडकला तर माझा कौल असा. सिनेमा आणि मालिका हेच नक्की असेल आणि बिझनेस ऑफ सिनेमॅटिक आर्ट्सचीच ॲडमिट हातात असेल, तर यूएससी. संगीत, नाटक, जाहिरात किंवा मीडिया कंपन्यांचं फायनान्स, किंवा अजून नीट ठरलेलं नाही, तर स्टर्न. साधी मार्शल विरुद्ध स्टर्न असेल तर ज्याचा सीआयपी कोड चांगला आणि खर्च कमी, ते. रँकिंगमधल्या दोन-चार जागांच्या फरकाला यात शून्य गुण.

पायरी ७ : आय-२० आणि व्हिसा

डिपॉझिट आणि निधीची कागदपत्रं दिली की विद्यापीठ आय-२० पाठवतं. त्यावरचा सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) क्रमांक टाकून ३५० डॉलर सेव्हिस फी भरा, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरा, १८५ डॉलर व्हिसा फी भरून स्लॉट घ्या. मे-जूनमध्ये मुंबईचे स्लॉट भराभर संपतात, म्हणून आय-२० साठी एप्रिलपासूनच मागे लागा. जून २०२५ पासून अर्जदारांना आपली सोशल मीडिया खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं; रील्स बनवणाऱ्यांनी जुन्या पोस्टवर एकदा नजर टाकावी. मुलाखतीत ‘हीच युनिव्हर्सिटी का?’ हा प्रश्न हमखास येतो. वर म्हटलेली वही मनापासून भरली असेल तर उत्तर पाठ करावं लागणार नाही.

दोन्हीकडून आय-२० मागवले असतील तर व्हिसा ज्या विद्यापीठाच्या आय-२० वर मिळाला, पहिला प्रवेशही त्याच आय-२० वर करा. सत्राच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर अमेरिकेत उतरता येत नाही, तेव्हा विमानाचं तिकीट काढताना आय-२० समोर ठेवा.